अंडी मुरू दे, तू झोप

हे बघ, आधी तो मोबाइल पालथा ठेव. व्हिडिओतली ती बाई काळंभोर पाणी ढवळते, अंडं सोलते आणि पांढऱ्या अंगावर तपकिरी जाळी निघते. तू बघतेस आणि म्हणतेस, हे आपल्या ओट्यावर कुठलं व्हायला! सामानाची यादी वाचूनच तुझा धीर सुटला असणार. त्यात नळाला पाणी यायची वेळ, पोरांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि ऑफिसातली मार्चअखेर. पण खरं सांगू का, चहात मुरवलेली ही चिनी अंडी तुझ्यासारख्या हात न पुरणाऱ्या बाईसाठीच आहेत. तुझं काम सगळं मिळून तासाभराचं, तेही मधूनमधून. बाकीचं रात्र बघून घेते. लोणचं मुरतं तशी ही अंडी मुरतात, आणि लोणच्याच्या बरणीपाशी कुणी जागत बसत नाही गं.

आधी एक घोळ निस्तरू. तू ज्याला एक पदार्थ समजतेस ते दोन आहेत. एक म्हणजे चहाची अंडी. उकडलेल्या अंड्याचं कवच तडकवायचं, पण काढायचं नाही, आणि तसंच ते चहा, सोया सॉस आणि खड्या मसाल्याच्या पाण्यात ठेवायचं. पाणी तड्यांमधून आत झिरपतं, म्हणून ती जाळी. दुसरी सोया सॉसमध्ये शिजवलेली अंडी. ती आधी सोलायची आणि मग सोया, गूळ, आलं-लसूण आणि मसाल्याच्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. ती सगळीकडून एकसारखी तपकिरी होतात, जाळीबिळी काही नाही. पहिली दिसायला देखणी, दुसरी चवीला दणकट. तू सुरुवात चहाच्या अंड्यांनी कर, कारण त्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे.

आणि हा काही राजवाड्यातला थाट नाही बरं का. चीनमध्ये हे रस्त्याकडेचं, स्टेशनाबाहेरचं खाणं. तैवानात तर चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत गल्ल्याशेजारी विजेच्या भांड्यात ही अंडी गरम होत असतात. चिमट्याने उचलायचं, पैसे द्यायचे, चालू लागायचं. १९८० च्या दशकात चीनमधले लोक थट्टेने म्हणायचे, क्षेपणास्त्र बनवणाऱ्यापेक्षा चहाची अंडी विकणारा बरा कमावतो. जुनं म्हणशील तर युआन मेइ नावाच्या कवीने १७९२ मध्ये स्वयंपाकाचं पुस्तक छापलं, त्यात शंभर अंड्यांचं प्रमाण दिलंय. मीठ, जाडाभरडा चहा आणि दोन उदबत्त्या जळून संपेपर्यंत आच. त्या वर्षी आपल्याकडे पुण्याला सवाई माधवराव पेशवे गादीवर होते. घड्याळ नाही, मापाचे चमचे नाहीत, उदबत्तीवर काम भागलं. तुझ्या हातात तर गजर लावायला फोन आहे.

आता यादीचं बघू. तुला भीती कसली वाटली? ‘चिनी पाच मसाले’ वाचून ना? अगं, मसाल्याचा डबा उघड. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप. पाचातले चार तुझ्या घरात आहेत. उन्हाळ्यात आपण काळ्या मसाल्याची तयारी करतो, जळगावच्या दाणा बाजारातून नाहीतर धुळ्याच्या पाच कंदिलाजवळून पुड्या बांधून आणतो, त्यातलंच हे सामान. चक्रीफूल मुळात दक्षिण चीनचंच. आपल्याला ‘दालचिनी’ म्हणून जी जाड, खरबरीत साल मिळते तीसुद्धा बहुतेक वेळा त्यांच्याच जातीची असते. म्हणजे चीन तुझ्या फडताळात केव्हाच येऊन बसलाय, फक्त तू त्याला वाटून, भाजून, मिरचीत मिसळून शेवभाजीत घातलंस.

पाचवा मसाला म्हणजे त्यांची झिणझिण्या आणणारी मिरी. ती नाही मिळाली तर हातपाय गाळू नकोस. कोकणातलं तिरफळ तिच्याच कुळातलं. कुणी रत्नागिरी-मालवणकडून येणार असेल तर चिमूटभर मागवून ठेव आणि दोनच दाणे टाक, बी काढून. तेही नसेल तर आपली काळी मिरी. चव थोडी वेगळी येईल, वाईट नाही येणार. पण एक लक्षात ठेव, तयार काळा मसाला यात घालायचा मोह आवर. त्यात मिरची असते, खोबरं असतं, आणि सगळं दळलेलं. पाणी गढूळ होतं, जाळी दिसत नाही आणि वर तेलाचा तवंग येतो. इथे मसाला खडाच हवा.

सोया सॉसची काळजी तर करूच नकोस. गल्लोगल्ली चायनीजच्या गाड्या लागतात म्हटल्यावर किराणा दुकानात बाटली असतेच. गंमत बघ, त्या गाड्यांवरचं मंचुरियन आहे ना, ते चीनमधलं नाहीच. १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वँग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. आपण वर्षानुवर्षं चिनी म्हणून मुंबईचं खाल्लं, आणि जे खरोखर चीनमधलं आहे त्याला घाबरतोय. बाटली घेताना एवढंच बघ, आपल्याकडचा डार्क सोया दाट, काळा आणि चांगलाच खारट असतो. चिनी कृतींमध्ये अर्धा कप सोया लिहिलेला असतो, तो त्यांचा पातळ सोया. तू आपला गडद सोया अर्धा कप ओतलास तर अंडी नाही, मीठ खातेय असं वाटेल. चार मोठे चमचे पुरे. आणि वरून मीठ अजिबात नाही. अजिबात म्हणजे अजिबात.

चहाचं मात्र नीट ऐक. आपली रोजची पत्ती म्हणजे बारीक गोळीचा आसाम चहा. तो भराभर रंग सोडतो, आणि तितकाच भराभर कडू होतो. मी एकदा उत्साहाच्या भरात मूठभर टाकली होती. घरच्यांनी एकेक घास खाऊन पाणी मागितलं, आणि आमचे हे म्हणाले, औषध कुठल्या डॉक्टरचं? तर दोन छोटे चमचे, सपाट. लांब पानांचा चहा असेल तर दोन मोठे चमचे चालतात. आणि आसामचा चहा चिनी अंड्यांत चालेल का, हा प्रश्न मनात आणू नकोस. तैवानात सन मून लेक नावाचं मोठं तळं आहे, तिथली चहाची अंडी नावाजलेली आहेत. त्या तळ्याकाठी जपानी राजवटीत, १९२५ मध्ये, आसामच्याच चहाची रोपं लावली गेली आणि तिथला काळा चहा त्यावर उभा राहिला. तेव्हा आपल्या डब्यातली पत्ती तिकडच्या चहाची नातलगच आहे. फक्त वेलदोडा-आल्याचा मसाला चहा नको, साधी पत्ती घे.

आता आठ अंड्यांचं सगळं प्रमाण एका दमात सांगते, लिहून घे. पाणी चार कप, सोया सॉस चार मोठे चमचे, चहापत्ती दोन छोटे चमचे, चक्रीफूल दोन, दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा चार, मिरी आठ-दहा, बडीशेप अर्धा छोटा चमचा, तमालपत्र एक आणि गूळ सुपारीएवढा. संत्र्याचा मोसम असेल तर सालीचा एक वाळवलेला तुकडा टाक, आतला पांढरा भाग खरवडून. चिनी लोकही वाळवलेली साल घालतात, वास फार छान येतो. नसेल तर सोडून दे. दोन जिन्नस कमी पडले म्हणून कुणी दाराशी येऊन विचारणार नाही.

अंडी कशी घ्यायची, ते बघ. आजच आणलेली अगदी ताजी अंडी उकडून सोलायला गेलीस की पांढरं कवचाला चिकटून ओरबाडून निघतं. अंडं जुनं होतं तसा त्यातला वायू कवचातून हळूहळू निघून जातो, पांढऱ्याचा आंबटपणा कमी होतो आणि ते पापुद्र्यापासून सहज सुटतं. म्हणून फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलेली अंडी या कामाला उत्तम. फार जुनी झाली नाहीत ना, हे बघायला पाण्यात सोड. तळाशी आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालेल, तरंगलं तर टाकून दे, वास घेत बसू नकोस.

फ्रिजमधलं गारढोण अंडं थेट उकळत्या पाण्यात टाकू नकोस, तडकेल. आधी ओट्यावर थोडा वेळ ठेव. मग भगोण्यात थंड पाणी घे, अंडी बुडाली पाहिजेत, आणि आच लाव. पाण्याला उकळी फुटली की आच मध्यम कर आणि नऊ-दहा मिनिटांचा गजर लाव. गजर झाला की लगेच थंड पाण्यात. जर्मनचं भगोणं मात्र घेऊ नकोस, अंड्याने आणि चहाने ते काळं पडतं आणि घासताना तुझे हात जातात. स्टीलचं घे.

बलक ओला ठेवायचा का, हे मला विचारू नकोस, कारण माझं उत्तर नाही असंच आहे. व्हिडिओत तो मधासारखा ओघळताना दाखवतात हे मलाही माहीत आहे. पण आपल्या भागात अंड्याबद्दल जरा जपून राहावं, याला कारण आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नवापूरला. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याआधी नवापूर आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. तिथल्या पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ च्या सुरुवातीला पुन्हा तेच संकट आलं. त्या वेळी अंडं खावं की नाही असं प्रत्येक घरात चाललं होतं. त्याचं उत्तर तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. अंडं आतपर्यंत शिजलेलं असावं. सत्तर अंशाच्या वर तो विषाणू तग धरत नाही, आणि अंड्यातून पोट बिघडवणारे बाकीचे जंतूही पुऱ्या शिजण्याने मरतात. घट्ट बलकाचं अंडं खाल्लंस तर ही काळजी उरतच नाही. घरात गर्भार बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर यात दुसरा विचारच नको.

आणि ऐक, तुझ्या त्या चक्रीफुलाची एक गोष्ट सांगते. बर्ड फ्लूवर त्या काळात ज्या गोळ्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, त्या टॅमिफ्लूचा मूळ घटक चक्रीफुलातूनच काढत. म्हणून आपण चक्रीफुलाचा काढा करून प्यावा असं मात्र नाही हं. कारखान्यात त्यावर बऱ्याच प्रक्रिया झाल्यावर औषध बनतं. आपण ते अंड्याला वास यावा म्हणून घालायचं, एवढंच.

आता ते तडकवायचं काम, सगळ्यात मजेचं. उकडलेलं अंडं गार झालं की डाव्या तळव्यात धर. चहाच्या चमच्याची पाठ घे आणि बोथट बाजूपासून हलकेच टकटक कर, अंडं फिरवत फिरवत. आधी आवाज टणक येतो. कवच तडकत गेलं की आवाज बसका होतो. सगळीकडून बसका आवाज आला की थांब. तडे जायला हवेत, पण आतला पातळ पापुद्रा अंगाला धरून राहिला पाहिजे. एखादा तुकडा सुटून पडला तर पडू दे, तिथे काळा डाग येईल, नक्षीत खपून जाईल. लाटणं घेऊन हाणामारी करू नकोस आणि मिक्सरच्या घाईने तर नाहीच. पोरांना बसव या कामाला. पोरांना अंडं फोडायला द्यायचं आणि ते ‘नीट फोड’ असं सांगायचं, यासारखा आनंद नाही. तेवढ्या वेळात तू दुसऱ्या शेगडीवर पाणी तयार कर.

पाणी म्हणजे वरचं सगळं सामान, चहापत्ती सोडून. उकळी आली की आच मंद करून दहा मिनिटं उकळू दे. मग पत्ती टाक, तीन-चार मिनिटांनी गाळून घे. पत्ती गाळली की कडवटपणा वाढायचा थांबतो. खडे मसाले परत टाकलेस तरी चालतील. आता त्यात तडकवलेली अंडी सोड, अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेव. पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे, धो धो उकळायला नको. धो धो उकळलं तर अंडी एकमेकांवर आपटून कवचं गळून पडतात आणि पांढरं रबरासारखं चिवट होतं.

मग आच बंद कर. इथून पुढे तुझं काम एकच, ते थंड करायचं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भांडं रात्रभर ओट्यावर झाकून ठेवणं म्हणजे जंतूंना जेवायला बोलावणं. व्हिडिओत ते ठेवतात, त्यांची थंडी असेल. तू परातीत थंड पाणी घे, त्यात भांडं ठेव, पाणी कोमट झालं की बदल. कोमटच्या खाली आलं की अंडी पाण्यासकट स्टीलच्या डब्यात नाहीतर काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये. प्लॅस्टिकचा डबा घेऊ नकोस, तो कायमचा तपकिरी होतो आणि पुढे त्यात दही लावलंस तरी चहाचा वास येतो. सगळी अंडी बुडालेली हवीत, नाहीतर वर राहिलेल्या बाजूला टक्कल पडल्यासारखं पांढरं राहतं. झालं. आता दिवे मालव आणि झोप.

सकाळी एक सोलून बघ. पहिल्या रात्री जाळी फिकट असते, दुसऱ्या दिवशी गडद, आणि चव दुसऱ्याच दिवशी खरी लागते. तीन-चार दिवसांत संपव. लाइट गेली तर फ्रिजचं दार सारखं उघडून बघत बसू नकोस. बंद दाराचा फ्रिज चार तास थंडावा धरून ठेवतो. त्यापेक्षा जास्त वेळ गेली असेल आणि डबा कोमट लागत असेल तर जीव तुटला तरी टाकून दे. आठ अंड्यांपेक्षा सलाइन महाग पडतं.

सोलल्यावर बलकाभोवती राखाडी-हिरवट कडं दिसलं तर दचकू नकोस. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक आचेने एकत्र आलं की ते कडं पडतं. अंडं दोनदा आचेवर गेलंय, थोडं तर येणारच. खायला काही धोका नाही. फार गडद आलं तर पुढच्या वेळी आच कमी कर.

आता दुसरी अंडी, सोया सॉसमध्ये शिजवलेली. ही मला रविवारच्या जेवणाला जास्त आवडतात. उकडून, सोलून घ्यायची. भगोण्यात दोन कप पाणी, चार मोठे चमचे सोया, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, ठेचलेलं आलं, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या नुसत्या चेचून, एक चक्रीफूल, दालचिनी, तमालपत्र. तिखट हवं असेल तर एक सुकी लाल मिरची, देठासकट. उकळी आली की अंडी सोड आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये दोन-तीनदा फिरव, नाहीतर एक बाजू काळी आणि एक गोरी राहते. मग पाण्यातच गार होऊ दे, वर सांगितलं तसं परातीत, आणि फ्रिजमध्ये रात्रभर. पांढरं आतपर्यंत खारं-गोड होतं आणि कापल्यावर कडेला तपकिरी रेघ दिसते. तैवानात याच्याही पुढे जातात, अंडी शिजवायची, वाळवायची, परत शिजवायची, इतकी की ती आक्रसून काळी आणि चिवट होतात, त्यांना लोखंडी अंडी म्हणतात. तू तो उद्योग करू नकोस, तुझ्या दातांचं आणि गॅसचं दोन्हीचं बिल येईल.

या पाण्याचं पुढे काय, असं तू विचारणार हे मला माहीत आहे, कारण तू माझ्यासारखीच टाकवत नाही म्हणणारी. चिनी खानावळींत हे पाणी वर्षानुवर्षं सांभाळतात, पण ते रोज उकळतं, त्यात रोज नवीन काही शिजतं. आपल्याला ते झेपायचं नाही. तू गाळून, खळखळून उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत एकदाच परत वापर. सोयाच्या पाण्याचे दोन चमचे गरम भातावर किंवा खिचडीवर घाल, पोरं बोटं चाटतील. चहाचं पाणी मात्र दुसऱ्या वापरानंतर ओतून दे, ते कडवट झालेलं असतं.

खायचं कशाशी? भाताशी तर छानच, पण माझं ऐकशील तर कळण्याच्या भाकरीशी खाऊन बघ. भाकरीचा तो उडदाचा खमंगपणा आणि अंड्यातलं गोड-खारं, वर मिरचीचा ठेचा. शिजवलेली अंडी उरली तर खान्देशी रस्सा करशील तेव्हा अर्धी कापून शेवटी सोड, फक्त रश्श्यात मीठ नेहमीपेक्षा कमी घाल. आणि मीठ म्हटल्यावर हेही सांगून टाकते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण दोन-सव्वादोन ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. सगळं मीठ अंड्यात जात नाही, बरंचसं पाण्यातच राहतं, तरी घरात कुणाला बीपी असेल तर त्यांना एकच अंडं आणि पाणी नाही. सोया सॉसमध्ये बहुधा गहूही असतो, तेव्हा गव्हाची अॅलर्जी असणाऱ्याला देऊ नकोस.

डब्याला द्यायचं का? उन्हाळ्यात नको. उकडलेलं अंडं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नाही, असा साधा नियम धर. हिवाळ्यात पहिल्या सुट्टीत खाणार असेल तर दे, पाणी निथळून, कोरडं करून. संध्याकाळी शाळेतून, क्लासहून भुकेजून आलेल्या पोरासाठी मात्र याच्यासारखं काही नाही. तू ऑफिसमधून यायच्या आत ते फ्रिज उघडून स्वतः सोलून खाईल. बिस्किटांचा पुडा वाचेल, आणि एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, पोटाला आधार होतो.

आता सासूबाईंचं. त्यांना ओट्यावर अंडं चालत नाही, हे तू मला न सांगताही मी ओळखलंय, कारण हे आपल्याकडे अर्ध्या घरांत असतं. वाद घालू नकोस. एक वेगळं भगोणं, एक वेगळा चमचा आणि जमलं तर गॅलरीत एक विजेची शेगडी. झाकणाचा डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कडेला. त्यांच्या मनाचा मान राखलास की त्या तुझ्या अंड्यांचा राखतील. श्रावणात तर तसंही अंड्याचं नाव नको, कानबाईचे रोट घरात असताना तू असलं काही करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्याच मसाल्यात, लसूण न घालता, रात्रभर भिजवलेले शेंगदाणे मऊ शिजव. चिनी लोक या पाण्यात शेंगदाणेही शिजवतात. सासूबाईंच्या ताटातही वाढता येतील, आणि ‘हे काय गं, बरं लागतंय’ असं त्या म्हणाल्या की मनातल्या मनात मला धन्यवाद दे.

तुझ्याने हे होईल का, हा प्रश्न तू अजून मनात घोळवतेस ना? अगं, जी बाई सकाळी सहाला खापरावर मांडे टाकते, दुपारी ऑफिस बघते आणि संध्याकाळी वाळवणं गच्चीवरून खाली आणते, तिला अंडी पाण्यात ठेवायला जमणार नाही? हे अवघड नाही, हे फक्त अनोळखी आहे. आणि बिघडलंच तर काय बिघडेल? जाळी फिकी येईल, नाहीतर थोडं खारट होईल. खारट झालं तर कुस्करून, कांदा-कोथिंबीर घालून भुर्जी कर, वेगळं मीठ न घालता. टाकायची वेळ येत नाही.

तर या शनिवारी एवढंच कर. आठही नको, सहाच अंडी घे, सोया तीन चमचे आणि पाणी तीन कप. रात्री नऊला सुरू केलंस की साडेदहाला डबा फ्रिजमध्ये जाईल. रविवारी त्याला हात लावू नकोस, पोरं कितीही मागे लागली तरी. सोमवारी संध्याकाळी सोल. आणि आज जाऊन फक्त चक्रीफूल आहे का ते बघ, मसाल्याच्या डब्यात तळाशी दोन-चार पाकळ्या तुटून पडलेल्या असतात, त्याही चालतील.